उंबऱ्यावरची निंबाची डहाळी

गोंदियाच्या तहसील कचेरीसमोर चिंचेच्या झाडाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहितो. हा व्यवसाय ज्यांना किरकोळ वाटतो त्यांना एवढेच सांगतो की, माणसाचे गाऱ्हाणे कितीही खरे असले तरी हाकिमापुढे ते उभे राहते ते अर्जनवीसाच्या शब्दांच्या बळावर. माझे शिक्षण मराठी शाळेत चौथीपर्यंत झाले. पाचवीचे पुस्तक हाती आले त्याच वर्षी वडील वारले. परंतु मजकूर अस्पष्ट आहे असा शेरा माझ्या अर्जावर मारण्याची पाळी आजवर कोणत्याही कारकुनावर आलेली नाही. दुसऱ्यांची हकीकत तपशीलवार विचारून घेणे हा ज्याचा धंदा, त्याला आपल्याच घरातील सर्वांत मोठी हकीकत पंचेचाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नसावी! ती कळली तेव्हा बसलेला धक्का मला अद्याप पचलेला नाही. म्हणूनच हे लिहीत आहे.

आमचे गाव नागऱ्याच्या वाटेवर, भाताच्या मुलखात. ज्याच्या हातून नांगर सुटला किंवा रोवण्याच्या वेळी जिची कंबर वाकेनाशी झाली, अशा वृद्ध माणसांना गाव रिकामे बसू देत नाही, आणि त्यांनाही रिकामे बसणे मानवत नाही. म्हातारे पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर बसून कोठे पाणी झिरपते का ते पाहतात. म्हाताऱ्या बाळंतिणींच्या घरी जातात, रोवण्याच्या दिवसांत साऱ्या गावाची लेकरे एका ओसरीवर सांभाळतात. ह्यांपैकी कशालाच मजुरी नाही आणि कोणी मागतही नाही. मात्र एक काम असे होते की, त्यासाठी वय आणि इच्छा पुरेशी नव्हती. त्यासाठी चेहरा लागत असे.

ज्या घरात देवीचा आजार शिरे त्या घरात माता आली असे म्हणत. आजार हा शब्द तेथे उच्चारायचा नाही. फोडणी द्यायची नाही, केस विंचरायचे नाहीत, जोडे घालून अंगणात जायचे नाही. आणि आजाऱ्याजवळ बसायचे ते ज्याच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत त्यानेच, कारण मातेने एकदा हात लावलेल्या माणसाला ती पुन्हा हात लावीत नाही. तरुण वणवाल्या बायांना शेत असे, लेकरे असत. म्हणून हे काम म्हाताऱ्यांकडे आले होते. बोलावण्याची रीतही ठरलेली होती. त्या घरचा माणूस येऊन न बोलता म्हातारीच्या उंबऱ्यावर निंबाची डहाळी ठेवून जाई. म्हातारीने ती उचलून कंबरेला खोचली की ती आली असे समजायचे. ती आपला शिळा भात आपल्याच फडक्यात बांधून नेई आणि माता थंड होईपर्यंत तेथून हलत नसे.

आमच्या गावात अशा म्हाताऱ्या दोनच उरल्या होत्या. एक आमच्या शेजारची, जिला सारा गाव मोठीबाई म्हणत असे, आणि दुसरी माझी आई. आईच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत बारीक खड्डे होते. लहानपणी माता आली होती असे घरात सांगत आणि त्यापलीकडे कोणी काही विचारीत नसे. उंबऱ्यावरची डहाळी मी लहानपणापासून पाहत आलो होतो. मोठेपणी मला आईचा अभिमान वाटू लागला, आणि कचेरीत योग्य माणसांच्या कानांवर ही गोष्ट जाईल अशी व्यवस्था मी करीत असे.

त्या वर्षी शिमग्यानंतर माझ्या मनात आले की, आईच्या ह्या सेवेबद्दल सरकारकडून तिला एखादी सनद मिळावी. अर्ज मीच लिहिणार होतो, आणि तो असा लिहिणार होतो की साहेबाने तो दोनदा वाचावा. परंतु तपशिलावाचून अर्ज म्हणजे बैलावाचून बंडी. आईवर माता कोणत्या वर्षी आली, कोणत्या गावी आली, सेवा कोणी केली, हे मला ठाऊक नव्हते. आईला विचारावे तर ती घरी नव्हती. वरच्या आळीतील एका शेतकऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलीला माता आली होती, आणि आई काही दिवसांपासून तिच्याजवळ बसली होती. सुदैवाने आईचा थोरला भाऊ सौंदडहून गाडीने आमच्याकडे आला होता. सकाळी ओसरीवर तो सुपारी कातरीत बसला असता मी कागद मांडीवर घेऊन त्याला रीतसर प्रश्न केला.

मामा हसू लागला.

"माता? कोनती माता गा? तुह्या मायले मातेनं कधी बोटबी लावलं नाही."

मला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. "मग ते वण कशाचे?"

"रेतीचे. सौंदडले मुरमुऱ्याची भट्टी होती. ही पोट्टी तांदूळ घेऊन गेली अन् कढईले चिकटून बसली. कढईचा कान तुटला. तापली रेती उडाली ना सारी तोंडावर! डोरे मिटले म्हनून वाचले."

"पण घरात तर सगळे..."

"तसं सांगतल्याबिगर पोरगी खपते का? जळल्या पोरीले कोन करते? जळल्या पोरीत खोट काढतेत, मातेच्या पोरीले मान असते. बाबानं सांगतलं, माता येऊन गेली. तुह्या आज्यानं त पाया पडून पसंत केली तिले!" एवढे बोलून मामाने सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "लिही ना गा. काऊन थांबला?"

मामाच्या दृष्टीने ती एका जुन्या लग्नाची गंमत होती. मला मात्र त्या क्षणी एकच गोष्ट दिसत होती. माझी आई आजवर ज्या ज्या घरात गेली, त्या त्या घरात तिच्या अंगावर कसलेच कवच नव्हते. ह्या क्षणीही ती तापाने पेटलेल्या एका मुलीच्या उशाशी बसली होती, आणि ज्या समजुतीवर गावाने तिला तेथे बसवले होते ती समजूत भट्टीच्या रेतीची निघाली होती. मी तसाच उठलो. मामा मागून काहीतरी म्हणाला ते मला ऐकू आले नाही.

शेतकऱ्याच्या दारावर निंबाचे तोरण होते. मी जोडे वाटेवरच काढले. माता असलेल्या अंगणात मोठ्याने हाक मारीत नाहीत, म्हणून हात हलवीत उभा राहिलो. काही वेळाने आईचे लक्ष गेले. ती गोठ्याच्या कोपऱ्यापाशी आली आणि माझ्यापासून चार हात दूर थांबली.

"काऊन गा, कचेरी बंद हाये का आज?"

"माय, मामाने सांगितलं."

"काय सांगतलं?"

"रेतीचं."

तिने पदर सारखा केला. "त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही. लहानपनी बोरंबी राहत नव्हते."

मी घाबरा होऊन म्हणालो, "म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"माह्यं तोंड हाये. मले मालूम नाही राहीन त कोनाले राहीन?"

ज्या वाक्याने माझ्या पायांखालची जमीन सरकली ते हेच. मामाची हकीकत ऐकून मी हादरलो होतो खरा, पण वाटेत मी मनाची समजूत घातली होती की, बिचारीला लहानपणाचे काय आठवणार, घरच्यांनी सांगितले ते तिने खरे मानले असेल. तिला सर्व माहीत होते. माहीत असूनही ती प्रत्येक डहाळी उचलीत होती.

"मग जात होतीस कशाला?" माझा आवाज चढला.

"हळू बोल. आत पोट्टी निजली." तिने दाराकडे पाहिले. "तुह्या बापाले जाऊन वरीसबी नव्हतं झालं. पहिली डहाळी आली उंबऱ्यावर. नाही उचलली त लोक म्हनतीन, तोंडावर माता हाये अन् काऊन नाही येत? मंग सारं भायेर निंगन. तुह्या आज्यानं पाया पडून आनलेली सून, अन् खोटी! भेवानं उचलली. लय भेव वाटलं. त्या घरचं लेकरू माह्या बोटाले धरून निजलं. मंग दुसरी डहाळी आली, ते भेवानं नाही उचलली."

"आणि घरी मी होतो ना? लहान होतो मी!"

"म्हनूनच त तुले टीका लावला." ती थोडी हसली. "तुह्या दंडावर हाये ते काय शोभेले हाये का?"

तेव्हा मला आठवले. देवीची लस टोचणारा टीकेवाला शाळेत आला की आया आपली मुले धानाच्या कोठीमागे लपवीत असत. माझ्या आईने मला भर उन्हात हाताला धरून ओढीत शाळेत नेले होते. मी रडत होतो आणि वाटेवरच्या बाया तिला नावे ठेवीत होत्या. पुढे मी हा प्रसंग शिक्षणाबद्दल आईच्या मनात असलेल्या आदराचे उदाहरण म्हणून कितीतरी लोकांना सांगितला होता.

मी तिला आत्ताच्या आत्ता घरी चल म्हणालो. ती नाही म्हणाली. मुलीच्या पापणीजवळ फोड आले होते, आणि हात सैल सोडला की ती खाजवीत असे. डोळा जाण्याची भीती होती. मुलीच्या आईला माता कधी आलेली नव्हती, शिवाय तिच्या अंगावर तान्हे मूल होते, म्हणून तिने आत यायचे नव्हते. मोठीबाईचे हात थरथरत होते आणि नजरही मंद झाली होती.

"मी उठली त पोट्टीचा डोरा जाते," आई म्हणाली, आणि आत गेली.

मी सरळ नागऱ्याची वाट धरली. टीकेवाला तेथे मुक्कामाला होता आणि कचेरीमुळे मला ओळखत होता. हिंदी मुलखातला माणूस. मी सांगितलेले ऐकून तो कपाळाला हात लावून बसला.

"मुन्शीजी, अम्मा के चेहरे पर तो पूरा खेत है! आणि आपण म्हनता माता कधी आलीच नाही?"

"आता टोचून उपयोग होईल काय?"

"हुआ तो हुआ. न करने से अच्छा." मग तो विचार करून म्हणाला, "एक बात है. टीका उठला, फोड भरला, तो समझो अम्मा को कभी कुछ नहीं हुआ था. नहीं उठा, तो माता आई थी, मामाजी झूठ बोलते हैं."

ह्या दुसऱ्या शक्यतेला मी बुडत्याने काडीला धरावे तसा धरून बसलो. संध्याकाळी त्याच गोठ्यापाशी मी आईला माझी योजना सांगितली. टीकेवाल्याने दुपारी आमच्या मागील परसात यावे, कोणाला कळू नये, दंड पदराखाली राहील. चावडीवर दंड उघडा केला तर लोक विचारतील की, मातेची खूण तोंडावर असताना हिला टीका कशाला? मग सर्व बाहेर येईल, आणि पुन्हा आपल्या उंबऱ्यावर डहाळी पडणार नाही. तिच्या म्हातारपणाचा सारा मान त्या डहाळीत होता, हे मला चांगले ठाऊक होते.

आईने सर्व ऐकून घेतले.

"तान्ह्याची माय टीका घेईन का?" तिने विचारले.

"ती कशी घेईल? घरात माता असताना टीका म्हणजे मातेचा अपमान. नवरा उभा चिरील."

"मी घेतला त?"

मला तिचा रोख कळला.

"माह्या माय-बापानं एकदा खोटं सांगतलं. त्यावर मी संसार केला. आता मीच लपून टीका घेऊ अन् ते बाई उघडी राहीन? नोको. चावडीवर घेईन. ह्या तोंडाचा काही उपयोग त होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठीबाईला मुलीजवळ बसवून ती चावडीवर आली. टीकेवाला आधीच येऊन बसला होता, आणि नेहमीप्रमाणे लोक त्याच्यापासून अंतर राखून उभे होते. आईने चोळीची बाही वर केली. मी आयुष्यभर भरलेल्या कचेरीत बोलत आलो आहे, परंतु त्या दिवशी बोलणे माझे नव्हते. ती स्वतःच बोलली, तेही वाटेवरच्या पाण्याची गोष्ट सांगावी अशा आवाजात.

"माह्यावर माता कधी आली नाही. हे भट्टीच्या रेतीचे डाग हायेत. लगनासाठी खोटं सांगतलं होतं. आता टीका घेऊन राहिली. ज्याले घ्याचा त्यानं घ्या."

मग तो शेतकरी, मुलीचा बाप, पुढे आला. त्याचा चेहरा काळवंडला होता.

"माह्या पोरीजवळ खोटी बुढी बसवली? माता कोपली म्हंजे कोन भरन? का गा मुन्शी, तुले मालूम होतं का?"

"काल सकाळपर्यंत नव्हतं," मी म्हणालो. हे खरे होते, पण ऐकणाऱ्याला ते पटण्यासारखे नव्हते.

"माह्या अंगनात पाय नोको ठेवू आता," तो आईला म्हणाला. तिने मान हलवली. तेवढ्यात गर्दीमागून त्याची बायको आली. तान्हे कडेवर होते. ती नवऱ्याकडे न पाहता टीकेवाल्यापुढे बसली आणि तिने दंड पुढे केला. नवरा ओरडला. ती म्हणाली, "ते बुढी इतके दिवस रिकाम्या हातानं माह्या पोरीपाशी बसली. मंग मी काऊन भेऊ?" टीकेवाल्याने तिला टोचले, मग तान्ह्याला टोचले. तान्हे असे रडले की साऱ्या चावडीला आपला राग विसरावा लागला.

त्यानंतरचे दिवस आमच्या घराने मान खाली घालून काढले. पाणवठ्यावर आई आली की बाया वाट देत, पण तो मानाचा रस्ता नव्हता. एकीने तर ऐकू जाईल असे म्हटले, "रेतीची माता पान्याले आली." मोठीबाई आमच्या घराकडे पाहीना. मी कचेरीत जाऊन बसलो तरी लोक माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहत आहेत असे वाटे. आणि ह्या सर्वांपेक्षा माझे लक्ष आईच्या दंडावर होते. मी रोज तो दंड पाहत होतो आणि तेथे काही उमटू नये अशी प्रार्थना करीत होतो. मामा खोटा ठरावा, आठवण चुकलेली असावी, भट्टीच्या आधी कधीतरी माता येऊन गेलेली असावी.

टीका उठला. फोड टपोरा भरला, दंड काखेपर्यंत सुजला आणि आईला ताप चढला. आता शंकेला जागाच नव्हती. तिच्यापाशी खरोखर काहीही नव्हते. इतकी घरे, इतकी लेकरे, आणि ती प्रत्येक वेळी उघडी गेली होती. मी काय सांगू, त्या क्षणी मला माझ्या आईची भीती वाटली. इतकी वर्षे जिच्या हातचे जेवलो ती स्त्री मला अनोळखी वाटली.

त्याच दिवशी दुपारी मोठीबाई काठी टेकीत आमच्या दारात आली. ती मुलीच्या घरून येत होती. दमलेली दिसत होती.

"दाव," ती आईला म्हणाली.

आईने बाजेवरूनच दंड दाखवला. मोठीबाईने डोळे दंडाजवळ नेले, बोटाने सूज दाबून पाहिली. आई कळवळली.

"खरंच काही नव्हतं वं तुह्यापाशी," मोठीबाई म्हणाली. तिचा आवाज भांडखोर होता आणि डोळ्यांतून पाणी येत होते. "आमी छत्री घेऊन पान्यात हिंडलो अन् मान घेतला. तू उघडीच हिंडली. रांड, एका शब्दानं सांगतलं नाही मले!"

"सांगतलं असतं त जाऊ देली असती का मले?"

"नसती देली. टांग तोडली असती." मोठीबाईने पदराने नाक पुसले. "पोट्टी खाजवते. माह्या हाताले धरवत नाही. दिवसभर बुढीमाय बुढीमाय करून राहिली. बापानं आयकलं. तोंड लपवून रडला." मग तिने कमरेची निंबाची डहाळी काढली आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवली. "त्यानं पाठवली. सोता यायची लाज वाटते त्याले."

आई उठू लागली आणि चक्कर येऊन पुन्हा बाजेवर पडली. तापाने तिचे अंग भाजत होते. डहाळी उंबऱ्यावर पडून होती. त्या तिघींचे काय व्हायचे, आईचे, मोठीबाईचे आणि त्या मुलीचे, हे सर्व त्या हातभर निंबावर येऊन थांबले होते. त्या घरात कोण जाणार ह्याचा विचार करीत मी आजूबाजूला पाहिले. मग माझा हात माझ्याच दंडाकडे गेला. आईला टोचले त्या दिवशी टीकेवाल्याने चावडीवर मलाही पुन्हा टोचून पाहिले होते. माझा टीका उठला नव्हता, म्हणजे लहानपणचा टीका अजून माझी राखण करीत होता.

मी वाकून डहाळी उचलली. पुरुषाने ती कोठे खोचायची ह्याची रीत नव्हती, म्हणून टोपीत खोचली. मोठीबाई तोंडाला पदर लावून हसली.

"टोपी काढून ठेव," आई बाजेवरून म्हणाली. "अन् तिथं कचेरीवानी बोलू नोको. तिचे हात धर. तेवढंच काम हाये."

त्या मुलीचे दोन्ही डोळे शाबूत राहिले, आई बरी झाली, आणि सनदेचा अर्ज मी लिहिला नाही, हे वाचकाला येथेच सांगून टाकतो. परंतु मला आठवतो तो त्या घरात शिरण्याचा क्षण. आत अंधार होता, निंबाचा वास कोंदला होता. फोडांनी भरलेल्या त्या इवल्या चेहऱ्याकडे पाहून मी दारातच थांबलो. मुलीने मोठ्या कष्टाने एक डोळा उघडला आणि मला न्याहाळले.

"याच्या तोंडावर त काहीच नाही," ती म्हणाली.

मी सदऱ्याची बाही दंडावरच्या टीक्याच्या वणापर्यंत वर केली आणि तिच्याजवळ बसलो.